घसरायच्या आधी खणायला शिका

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत गुलमर्गवर पानभर लेख आला होता, फोटो तर काय सुंदर होते, आमच्या घरी दोन दिवस ते पान टीपॉयवरून हललं नाही. पण लेखाच्या खाली एक चौकट होती, इंदूरहून पाच रात्री सहा दिवसांचं पॅकेज, त्यात एक दिवस 'ऑफ-पिस्ट पावडर स्कीइंग', आणि पुढे लिहिलेलं 'पूर्वानुभवाची गरज नाही'. हे शेवटचे शब्द वाचले आणि पत्र लिहायला बसले. एरवी मी पेपरला पत्रं लिहिणाऱ्यातली नाही, बँकेत नोकरी करते, लिहिते ती फक्त कर्ज नामंजूर झाल्याची पत्रं.

आधी हे ऑफ-पिस्ट म्हणजे काय ते सांगते, कारण आमच्या शेजारच्या काकूंनी विचारलं की हे काय फेस्टिवल आहे का. पिस्ट म्हणजे आखून दिलेली, मशीन फिरवून दाबलेली उतरण, कडेला दोऱ्या, बोर्ड, वर-खाली माणसं, पडलात तर कुणीतरी स्लेज घेऊन येतं. त्या दोरीच्या पलीकडे जे सगळं आहे ते ऑफ-पिस्ट. तिथला बर्फ कुणी दाबलेला नाही, तपासलेला नाही, खाली दगड आहे का खड्डा आहे ते कुणी बघितलेलं नाही. त्यातच मजा आहे हे मान्यच, ताज्या भुसभुशीत बर्फात, ज्याला पावडर म्हणतात, त्यात स्की चालवताना आवाजच येत नाही, पिंजलेल्या कापसातून चालल्यासारखं वाटतं. पण गुलमर्गला भारतातल्या इतर जागांपेक्षा हे फार सोपं होऊन बसलंय आणि तोच घोळ आहे. गंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, पहिला टप्पा साधारण २६५० मीटरवरून कोंगडोरीला ३१०० च्या आसपास सोडतो, दुसरा टप्पा २००५ पासून चालू आहे, तो अफरवतच्या खांद्यावर ३९०० मीटरच्याही वर नेऊन ठेवतो. म्हणजे ज्या डोंगरावर चढून जायला गिर्यारोहकाला अख्खा दिवस लागला असता तिथे आपण तिकीट काढून गरम डब्यात बसून पोचतो, आणि बाहेर पडल्यावर दाबून ठेवलेला, गस्तीखालचा भाग म्हणजे गंडोलाच्या आजूबाजूची एक मोठी वाटी, बस. त्याच्या डावीकडे उजवीकडे मैलोन्‌मैल मोकळा डोंगर, दार नाही, कुलूप नाही, दोरी ओलांडली की गेलात.

आणि आता इंदूरकरांना तिथे जाणं पण सोपं झालंय. पूर्वी मालवा एक्स्प्रेसने कटऱ्याला जाऊन वैष्णोदेवी करून परत यायचो, आता २०२५ च्या जूनपासून कटऱ्याहून श्रीनगरला वंदे भारत जाते, म्हणजे देवी झाली की दोन दिवस बर्फ बघून येऊ असं आमच्या कॉलनीतल्याच तीन घरांनी ठरवलंय. खुशाल जा. मी स्वतः जाते. फक्त त्या चौकटीतल्या 'गरज नाही'वर विश्वास ठेवून जाऊ नका, एवढ्यासाठी हे पत्र.

माझीच गोष्ट सांगते, म्हणजे मी कुठल्या उंचावरून उपदेश करत नाहीये हे कळेल. तीन-चार वर्षांपूर्वी मी आणि लेक गुलमर्गला गेलो, लेकीच्या हट्टाने, तेव्हा मी शेहेचाळीसची होते आणि आयुष्यात रोलर स्केट्सवर पण उभी राहिले नव्हते. आठ दिवस बाळगोपाळांच्या उतारावर रोज पडायला शिकलो. नवव्या दिवशी, मला नांगराच्या आकारात स्की करून कसंबसं थांबता यायला लागलं होतं, तर जिथून स्की भाड्याने घेतल्या होत्या तिथला पोरगा म्हणाला मॅडम, रात्री फूटभर पडलाय, चलो सेकंड फेज, एकदम फ्रेश. लेक तर उडालीच. मी म्हटलं अगं मला वळता येत नाही धड, तर म्हणते आई, दाबलेला कडक बर्फ नाहीये तो, पावडर आहे, पडलीस तरी लागणार नाही. आणि पोरगा पण बिचारा वाईट नव्हता, चांगला हसरा होता, त्याला आम्हाला आनंद द्यायचा होता आणि त्याचे दिवसाचे पैसे पण सुटणार होते. गेलो.

दोरीच्या पलीकडे साधारण शंभर मीटरवर मी पडले. पडले म्हणजे छातीपर्यंत आत गेले, एक स्की सुटून बर्फाखाली गडप. उठायला हात टेकला तर हात खांद्यापर्यंत आत, टेकायला तळच नाही. (दोन्ही काठ्यांची फुली करून बर्फावर आडवी ठेवायची आणि तिच्या मध्यावर जोर द्यायचा, हे मला वर्षभराने कुणीतरी सांगितलं.) स्की शोधायला चाळीस मिनिटं गेली. आम्ही खाली शोधत होतो, कारण वाटतं की घसरून खाली गेली असेल, ती निघाली मी पडले त्याच्याही थोडी वर. आणि हे सगळं चालू असताना दोनदा पायाखालून 'धप्' असा आवाज आला, एखाद्या जुन्या वाड्याची माळ्याची फळी बसावी तसा, मी त्या पोराला विचारलं हे काय, तर म्हणाला बर्फ बैठ रहा है मॅडम, अच्छा है.

संध्याकाळी मी हॉटेलवरून आमच्या धाकट्या भाऊजींना फोन केला, ते फौजेतून रिटायर होऊन महूला असतात, नोकरीत असताना गुलमर्गच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये हिवाळ्याचा कोर्स करून आलेले. मला वाटलं कौतुक करतील वहिनीचं. ते गप्प झाले. मग एवढंच विचारलं, वहिनी, तिघांच्या अंगावर बीकन होते का? म्हटलं ते काय असतं. तुम्ही होतात तिथे तुमच्या डोक्यावर काय होतं, किती चढ होता? म्हटलं बघितलं नाही, मी स्की शोधत होते. आणि तुम्ही गाडल्या गेला असतात तर खणणार कोण होतं, कशाने? मी म्हटलं रेस्क्यूवाले असतील की. तर म्हणाले, ते येतात वहिनी, येतात नक्की, पण ते बहुतेक वेळा बॉडी घ्यायला येतात.

तो फोन आठवला की अजून अंगावर काटा येतो. आणि ते 'धप्' म्हणजे काय ते त्यांनी समजावलं. बर्फाचा डोंगर म्हणजे एकसंध गोळा नसतो, चिरोट्यासारखे पदर असतात, प्रत्येक हिमवर्षावाचा एक. सुरुवातीचा पातळ थर, त्यावर चिल्लई कलानची, म्हणजे काश्मिरातले २१ डिसेंबरपासूनचे ते चाळीस दिवस, कडाक्याची निरभ्र थंडी पडली की खालून जमिनीची ऊब आणि वरून गोठवणारी हवा यांच्यामध्ये त्या थराची वाफ होऊन पुन्हा खडे बनतात, दाणेदार साखरेसारखे, एकमेकांना न चिकटणारे. त्यावर मग फूट-दोन फूट नवा बर्फ पडतो, वारा तो दाबून घट्ट लादी करतो. वरून बघाल तर नुसतं पांढरंशुभ्र. त्यावर आपण गेलो आणि वजनाने खालची साखर ढासळली की 'धप्'. उतार पुरेसा असेल तर वरची लादी आख्खी सुटते. म्हणजे ज्याला तो पोरगा अच्छा म्हणत होता ती डोंगराने वाजवलेली घंटा होती, माझा उतार थोडा कमी होता म्हणून नुसती घंटाच वाजली.

घरी आल्यावर लेकीने ओट्यावर करून बघितलं, तुम्ही पण करा. पोळपाटावर साखर पसरायची, त्यावर शिळी कडक भाकरी ठेवायची आणि पोळपाट हळूहळू एका बाजूने उचलायचा. बराच वेळ काही होत नाही. मग एकदम जाते, आख्खी जाते, तुकडा तुकडा नाही. आणि भाकरीवर बोटाने टिचकी मारली तर त्याच्याही आधी जाते. टिचकी म्हणजे आपण. जगभरातल्या अपघातांत बहुतेक वेळा, दहापैकी नऊ वेळा म्हणतात, लादी सोडणारा माणूस एकतर गाडला गेलेला स्वतः असतो नाहीतर त्याच्याच ग्रुपमधला कुणी.

चढाबद्दल लोकांचा जो गैरसमज आहे तो मला सगळ्यात जास्त धोक्याचा वाटतो. आपल्याला वाटतं अ‍ॅव्हलांच (हिमस्खलन) म्हणजे कडा, भिंत, सिनेमात दाखवतात तसं. तसं नाहीये, लादी सुटते ती मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारावर, त्यातही ३५ ते ४० मध्ये सगळ्यात जास्त. म्हणजे किती? तुमच्या घरातला जिना बघा. साधारण ३०-३५ अंशांचा असतो तो. पंचेचाळीसहून फार जास्त सरळ असेल तिथे बर्फ पडतापडताच खाली ओघळत राहतो, फारसा साठत नाही, आणि तिसाहून कमी असेल तिथे सहसा सुटत नाही. नेमका जो उतार स्कीला मस्त वाटतो तोच. मोबाइलमध्ये उतार मोजायचं अ‍ॅप मिळतं, फुकट, स्कीच्या काठीवर मोबाइल आडवा ठेवून मोजता येतो. सुरुवातीला ३० च्या खालीच राहायचं, आणि नुसतं पायाखाली नाही, डोक्यावर पण ३० च्या वरचं काही लटकत असेल तर तिथे उभं राहून फोटो काढायचे नाहीत.

हे डोक्यावरचं इंदूरकरांना वेगळं सांगायची गरज पडू नये खरं तर. पातालपाणीच्या धबधब्याला २०११ च्या जुलैत काय झालं ते आपण सगळ्यांनी मोबाइलवर बघितलंय, दगडावर उभं असलेलं कुटुंब, एकमेकांना धरून, आणि पाणी. तिथे त्या क्षणी काही आभाळ फाटलं नव्हतं, पाऊस वरच्या अंगाला झाला होता. बर्फाचं तेच. तुम्ही सपाटीवर बसून पराठा खात असता आणि अर्धा किलोमीटर वर वाऱ्याने रात्रभर धारेच्या मागे बर्फ आणून रचलेला असतो. गुलमर्गच्याच वरचं खिलनमर्ग हे तसं प्रेमळ दिसणारं पठार आहे, उन्हाळ्यात फुलांचं कुरण, घोडेवाले नेतात. ८ फेब्रुवारी २०१० ला तिथे वॉरफेअर स्कूलच्या ट्रेनिंगवर असलेल्या तुकडीवर हिमस्खलन येऊन सतरा जवान गेले. भाऊजी हा आकडा सांगताना दर वेळी खिडकीबाहेर बघतात. २०२३ च्या १ फेब्रुवारीला अफरवतवर दोन पोलिश स्कीअर गेले, २०२४ च्या फेब्रुवारीत परत खिलनमर्गच्या बाजूला एक रशियन. ही बहुतेक अनुभवी माणसं. आणि आपण 'अनुभवाची गरज नाही'.

आता भाऊजींच्या तिसऱ्या प्रश्नाकडे, खणणार कोण. माझं सगळं म्हणणं इथे आहे त्यामुळे जरा लांबण लागेल, माफ करा.

गाडला गेलेला माणूस आधी मरतो तो गुदमरून. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर वाचण्याची शक्यता खूप चांगली, दहातले नऊ वाचतात असं मानलं जातं, अर्ध्या तासापुढे गेलात की ती तिनात एक वगैरे उरते. आता तुम्हीच हिशोब करा, फोन लागला पाहिजे, लागला तर त्यांनी निघालं पाहिजे, पोचलं पाहिजे, जागा सापडली पाहिजे. त्या पंधरा मिनिटांत तुमच्याजवळ असलेली तीन माणसंच तुमची अ‍ॅम्ब्युलन्स. त्यांच्याकडे तीन वस्तू पाहिजेत, प्रत्येकाकडे तिन्ही, एकाकडे एक असं वाटून नाही, कारण फावडं ज्याच्याकडे तोच गाडला गेला तर? बीकन, म्हणजे ट्रान्सीव्हर, पट्ट्याने अंगाला बांधायचं यंत्र, ४५७ किलोहर्ट्‌झवर सतत टिकटिक सिग्नल सोडत राहतं, जगात कुठल्याही कंपनीचं असो हाच आकडा, आणि शोधायच्या वेळी तेच दुसऱ्याचा सिग्नल पकडतं. मग प्रोब, घडीची लांब काठी, अडीच मीटरच्या आसपास, बर्फात खुपसून माणूस नेमका कुठे आणि किती खोल आहे ते बघायला. आणि फावडं, धातूचं, प्लास्टिकचं नाही, कारण थांबलेला अ‍ॅव्हलांचचा बर्फ हा भुसभुशीत राहत नाही, सिमेंट बसल्यासारखा बसतो, आत अडकलेल्याला बोट हलवता येत नाही. मीटरभर खोल माणूस काढायला टनाच्या हिशोबात बर्फ उपसावा लागतो. तिन्ही मिळून एका बऱ्या मोबाइलएवढा खर्च येतो, गुलमर्गला चांगल्या दुकानांत भाड्याने पण मिळतात.

पण घेऊन उपयोग काय, वापरता आलं पाहिजे, आणि हे इंदुरात बसून शिकता येतं हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते.

पुढच्या हिवाळ्याच्या आधी आम्ही तिघं, मी, लेक आणि भाऊजी, आमच्या गल्लीत एका घराचं बांधकाम चालू होतं त्याच्या वाळूच्या ढिगात सराव करायचो. रविवारी सकाळी, पोहे-जिलबी आणायला जायच्या आधी. भाऊजी एक बीकन चालू करून जुन्या स्टीलच्या नाही हं, प्लास्टिकच्या डब्यात घालून पुरून ठेवायचे, आम्ही पाठ करून उभ्या, मग स्टॉपवॉच. पहिल्यांदा मला अकरा मिनिटं लागली आणि त्यात खणणं धरलेलं नाही. कारण काय, घाबरून पळायला लागतं माणूस, आणि यंत्राचा बाण क्षणभर मागे असतो, आपण पुढे निघून गेलेलो. शिकलो ते असं की लांबून शोधताना भराभर चालायचं, आकडा कमी व्हायला लागला की चाल कमी करायची, तीन मीटरच्या आत आलं की यंत्र अगदी जमिनीला टेकवून, रांगोळीचे ठिपके काढतो तितक्या सावकाश, एका रेषेत पुढे, मग आडवं, सगळ्यात लहान आकडा जिथे तिथे खूण. मग प्रोब, उताराला काटकोनात, वीतभर अंतराने गोल गोल वाढवत. लागला की प्रोब तिथेच ठेवायचा, काढायचा नाही. आणि खणायचं प्रोबच्या वरून नाही, खालच्या अंगाने, आडवं आत घुसत, म्हणजे वाळू, आपलं बर्फ, मागे ढकलला जातो आणि माणसाच्या छातीवर उभं राहून आपणच त्याला चेपत नाही. दोघं-तिघं असाल तर एकामागे एक, पुढचा कापतो मागचे सारतात, मिनिटा-मिनिटाने जागा बदलायच्या, कारण दमायला होतंच, मी तर वाळूतच दमले. समोरच्या फ्लॅटमधले आजोबा रोज गॅलरीतून बघायचे, एक दिवस राहवलं नाही, विचारलं काय हरवलंय हो एवढं? लेक म्हणाली आजोबा, माणूस. ते आत निघून गेले.

दोन महिन्यांत मी साडेतीन मिनिटांवर आले. लेक तीनच्या खाली. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही, अकरा आणि साडेतीन यांच्यातली ती साडेसात मिनिटं कुणाच्या तरी नाकातोंडात बर्फ असतानाची आहेत.

त्यात बारीकसारीक बऱ्याच गोष्टी असतात ज्या दुकानवाला सांगत नाही. बीकन जॅकेटच्या आत, अंगालगत, बॅगेत नाही कारण बॅग निघून जाते. मोबाइल त्याच्याजवळ ठेवला तर सिग्नल बिघडतो, चालताना निदान वीतभर लांब आणि शोधताना तर बंदच केलेला बरा, स्मार्टवॉच आणि ते बॅटरीचे गरम मोजे-हातमोजे त्यातलेच. सेल कंपनी सांगेल तेच, घड्याळातले उरलेले नाही, आणि सीझन संपला की काढून ठेवायचे, माझ्या एका बीकनमध्ये सेल पाघळून हिरवं झालं होतं. सकाळी निघताना एकेकाने पुढून जायचं आणि बाकीच्यांनी त्याचा सिग्नल येतो का ते ऐकायचं, दोन मिनिटांचं काम आहे. एअरबॅगची सॅक पण मिळते, महाग असते, ती फुगून बर्फाच्या वर राहायला मदत करते, पण ती घेऊन बीकन नाही घेतला असं करणारे मी बघितलेत, म्हणजे छत्री घेतली म्हणून पूल वाहून गेला तरी चालेल.

मग स्की कधी, असं तुम्ही म्हणाल. त्याला क्रम आहे आणि तो चुकवून चालत नाही. गुलमर्गलाच केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग आहे, मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था सोलंगला कोर्स घेते, औलीला गढवाल मंडल विकास निगमचे असतात. पहिला बेसिक कोर्स साधारण दोन आठवड्यांचा, कडक असतो, सकाळी पीटी वगैरे, हॉटेलात बसून मॅगी खाण्याइतकी मजा नाही, पण पॅकेजच्या निम्म्या पैशात त्याच्या दसपट शिकवतात. तिथे बेसिक झाला की दुसऱ्या वर्षी पुढचा. दोरीच्या आत, दाबलेल्या उतारावर दोन्ही स्की समांतर ठेवून दोन्ही बाजूंना वळता यायला लागलं, मनात येईल तिथे थांबता यायला लागलं, कडेने सरकत खाली येता आलं, कुठेही जागच्या जागी उलटं फिरता आलं, की मग आत-आतच दाबलेल्या पट्टीच्या कडेचा खराब बर्फ, उकललेला, गोठलेला, ढेकळांचा, त्यात जायचं. तिथे पाय थरथरायचे थांबले की मग बाहेरचा विचार. मला तीन हिवाळे लागले, लेकीला दोन. कुणाला एक लागेल, पण सहा दिवसांत कुणाला होत असेल असं मला वाटत नाही.

पावडरमध्ये चालवण्याचं तंत्र मी पत्रात काय सांगणार, थोडंसं एवढंच की पिस्टवर आपण बाहेरच्या पायावर वजन टाकायला शिकलेलो असतो, इथे दोन्ही पायांवर जवळजवळ सारखं लागतं, पाय जवळजवळ, नाहीतर एक स्की बुडते आणि आपण गुलाटी मारतो. मागे रेलू नका, मांड्या पेटतात, घाबरून सगळे रेलतात. थोडा वेग लागतोच, अगदी हळू गेलात तर वळणच येत नाही. रुंद स्की मागून घ्या, मधली रुंदी शंभर मिलिमीटरच्या आसपासची, पिस्टच्या बारीक स्की घेऊन गेलात तर बुडत राहाल. आणि काठ्यांचे पट्टे मनगटात अडकवू नका दोरीच्या बाहेर.

गाइडबद्दल. स्थानिक गाइड घ्याच, पण प्रमाणित आहे का विचारा, त्याच्याकडे स्वतःकडे बीकन-प्रोब-फावडं आहे का आणि तो तुमच्याकडचं तपासतो का हे बघा, न तपासता चलो म्हणाला तर चलायचं नाही. डीआरडीओची डीजीआरई ही संस्था हिवाळ्यात हिमस्खलनाचे इशारे देते, गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात येतं तेव्हा त्या जिल्ह्याचा इशारा बघायचा. पाच पायऱ्यांचा स्केल असतो, आणि इथे एक गंमत आहे, लोकांना वाटतं पाचावर सगळ्यात जास्त माणसं मरत असतील, पण पाचाला कुणी घराबाहेरच पडत नाही, माणसं मरतात ती जास्त करून तिनाला, कारण तीन म्हणजे 'चालतंय की'. नवशिक्याने एक आणि दोनलाच जावं असं माझं मत, तिनाला पिस्टवर, आणि ताजा मोठा बर्फ पडला की पुढचे एक-दोन दिवस तर नक्कीच आत राहावं, जरी सगळं गुलमर्ग नेमकं तेव्हाच बाहेर पळत असलं तरी. डोंगरावर आधीच्या स्कीचे पट्टे दिसतात म्हणजे सेफ आहे असं पण नाही, पाचवा माणूस गेल्यावर पण सुटते. आणि जायचं एकेकाने. एक जण उतरेपर्यंत बाकीच्यांनी आडोशाला उभं राहून त्याच्यावरून नजर काढायची नाही, म्हणजे काही झालंच तर शेवटचा कुठे दिसला ते माहीत असतं. आपण इंदूरचे लोक सगळे मिळून सराफ्यात फिरतो तसं फिरायची ही जागा नाही.

दोन किरकोळ गोष्टी. इंदूर साडेपाचशे मीटरवर आहे, तिथून एकदम ३९०० वर गेलात तर डोकं दुखणार, मळमळणार, तेव्हा पहिले दोन दिवस खाली काढा. आणि विमा, साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत असले खेळ बहुतेक वगळलेले असतात, मी बँकेतली आहे, बारीक अक्षर वाचा.

वारा जास्त असला किंवा वर धोका असला की गंडोलाचा दुसरा टप्पा बंद ठेवतात, तिथे खिडकीवर आपलीच माणसं भांडताना मी ऐकलीत, भिया पैसे दिलेत, परत उद्या फ्लाइट आहे. त्या खिडकीतल्या माणसाशी भांडू नका हो. तो दिवसभरात तुमच्यासाठी केलेलं सगळ्यात मोठं काम करत असतो.

संपादक महाशय, तुम्हाला विनंती एवढीच की अशी जाहिरात-वजा चौकट छापाल तेव्हा एजंटला दोन प्रश्न विचारून छापा, बीकन-प्रोब-फावडं पॅकेजमध्ये आहे का आणि ते वापरायला कोण, किती वेळ शिकवणार. उत्तर छापा, नसेल तर 'नाही' छापा. वाचक मग काय ते ठरवतील.

आमचा सराव या वर्षी पण डिसेंबरपासून दर रविवारी आहे, गल्लीतली आणखी चार मुलं येणार म्हणतायत, एक आजोबा पण, तेच गॅलरीतले, त्यांचा नातू जानेवारीत जातोय. अडचण एकच झालीये, त्या घराचं काम पूर्ण झालं, वास्तुशांत पण झाली, आणि वाळूचा ढीग संपला. राजेंद्र नगर, सुदामा नगर भागात कुणाचं बांधकाम निघणार असेल आणि रविवारी सकाळी दोन तास ढीग उकरू देणार असतील तर पेपरमार्फत कळवावं, आम्ही नंतर झाडून, पुन्हा ढीग लावून देऊ.

आपली,
एक वाचक,
राजेंद्र नगर, इंदूर